तात्पुरत्या तोडकरांचं घर

मंडळी, ऐका! देवापुढं बसलोय, इथं खोटं बोलायची सोय नाही, म्हणून आधीच विचारून घेतो. घरात खोटं बोललं तर पाप, हे तुम्हाला मान्य. शेजाऱ्याशी बोललं तर पाप, हेही मान्य — जरा कुरकुरत! पण सरकारशी? कराच्या बाबतीत? बघा, मागच्या रांगेत आत्ताच कुणीतरी हसलं! चोराच्या मनात चांदणं! तुमचं म्हणणं काय, की ते खोटं कचेरीत राहतं, फायलीत झोपतं, आपल्या घराचा उंबरा काही ओलांडत नाही. नाही ओलांडत? खरंच? मग आज आपण तेवढंच बघू.

विट्याचे शिवानंद तोडकर. हुशार माणूस! कारखान्यात बटण दाबलं की इकडची झडप उघडते, तिकडचा पंप सुरू होतो — ते सगळं चालवणारी पॅनेलं बसवायची, हे त्यांचं काम. नोकरी नाही हं, कंत्राट. आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. बायको उर्मिला, मुलगी रेवती तेव्हा चौथीत. गुजरातेत समुद्राकाठी रसायनांचा एक मोठा कारखाना उभा राहत होता, तिथलं काम मिळालं. लांब पल्ल्याचं काम! आनंद झाला. पेढे वाटले.

निघण्याआधी तोडकर आपल्या सीएकडं गेले. आता कलमं-बिलमं मला विचारू नका, मी कीर्तनकार, माझ्या मिळकतीत नारळच जास्त! सीए जे म्हणाला ते सांगतो. तो म्हणाला, "तोडकर, तुमचं घर विट्याला. तुम्ही कामापुरते परगावी जाताय. म्हणून जाण्यायेण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च हा धंद्याचा खर्च. तो मिळकतीतून वजा होतो. पण याला मुदत असते! तुम्ही तिथं ठाण मांडलं असं दिसलं, की ते गाव तुमचंच झालं. मग कसला प्रवास आणि कसला खर्च? आपल्या गावात आपण जेवलो, तर त्याची सूट सरकार कशाला देईल?"

तोडकरांनी एकच शब्द गाठीला बांधला — तात्पुरतं!

लॉजवर पोचले तर तिथं सगळे असेच! कंत्राटी फिटर, कंत्राटी वेल्डर, कंत्राटी इंजिनियर. त्यांच्यात खोत म्हणून एक मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी दीक्षा दिली. "तोडकर, गॅस घ्यायचा नाही. कपाट घ्यायचं नाही. दारावर पाटी लावायची नाही. बॅग कायम भरलेली. कुणी विचारलं तर म्हणायचं, आम्ही काय, आज आहोत उद्या नाही!"

वा! वा! काय वैराग्य! मंडळी, आमचे संत घसा कोरडा करून गेले, की बाबांनो, हे जग म्हणजे मुक्काम आहे, यात गुंतू नका. ऐकलं का कुणी? कुणी नाही! पण करात सूट मिळते म्हटल्यावर अख्खा लॉज विरक्त झाला!

दिवाळीच्या सुट्टीत उर्मिला रेवतीला घेऊन तिकडं गेली. समुद्र बघितला. कारखान्याच्या जवळच एक बैठं घर भाड्यानं होतं, दारात शेवग्याचं झाड. पलीकडं शाळा, तिच्यात मराठी बोलणारी चार पोरं. उर्मिलेचा चेहरा उजळला. "अहो, आम्ही इथंच येतो की! तुम्ही लॉजचं पाणीदार वरण खाताय, आम्ही तिकडं दोघीच दार लावून बसतोय. ह्याला काय अर्थ आहे?"

तोडकरांच्या मनात आलं, हो म्हणावं. खरंच आलं! त्यांनी त्या घराकडं बघितलंसुद्धा. पण तोंडातून काय निघालं? "अगं, कुटुंब आणलं की गाव कायमचं झालं! सगळी सूट गेली! एवढी मुदत निघू दे, मग बघू."

"कुणाची मुदत?" ती म्हणाली.

तोडकर हसले. त्यांना वाटलं, बाईला हिशेबातलं कळत नाही. मंडळी, त्या दोघांत हिशेब कुणाला कळत होता, ते तुम्हीच सांगा! त्या दोघी परत गेल्या. घर दुसऱ्या कुणी घेतलं.

मुदत भरत आली. आता घरी जायचं! पण कंपनी म्हणाली, तोडकर, तुमच्याशिवाय आमचं अडतं, थांबा. पैसा चांगला. मोह सुटेना. मग खोतांनी तोड काढली. ऐका हं, ही तोड ऐका! त्या कारखान्याला दोन गेटं होती, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. खोत म्हणाले, "पूर्वेच्या गेटचं काम संपलं म्हणून लिहून घ्या. पश्चिमेच्या गेटचं नवं कंत्राट घ्या. जागा बदलली! मुदत पुन्हा पहिल्यापासून!"

आणि तोडकरांनी तसं केलं. खुर्ची तीच, टेबल तेच, पॅनेल तेच. फक्त सकाळी उठायचं आणि भिंतीला वळसा घालून पश्चिमेच्या गेटानं आत शिरायचं! भर उन्हात हा शिकलेला माणूस कारखान्याला प्रदक्षिणा घालतोय! देवळाला घातली असती तर पुण्य तरी लागलं असतं! रखवालदार हसायचे. पुढं ती मुदत भरली, की पुन्हा पूर्वेचं गेट. अशी वर्षं गेली, मंडळी.

आणि विट्याला? तोडकर सणावाराला यायचे. आल्यावर उर्मिला चांगला चहा करायची, पाहुण्यांच्या कपात द्यायची. पहिल्या-पहिल्यांदा रेवती फोनवर विचारायची, "पप्पा, कधी येणार?" मग पोर मोठी झाली, आतल्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली. तोडकर आले की त्या खोलीत बॅगा, पसारा, दुपारची झोप. एकदा तिनं दारात उभं राहून विचारलं, "पप्पा, कधी जाणार?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. परीक्षा होती तिची. पण तोडकरांनी उठून आपली बॅग सोप्यात आणून ठेवली.

शेवटी व्हायचं तेच झालं. कर खात्याकडून विचारणा आली. माणूस म्हणतो घर विट्याला, आणि वर्षानुवर्षं राहतोय समुद्राकाठी! चौकशीला एक साहेब घरी येणार असं कळलं. तोडकर आदल्या दिवशीच धावत-पळत विट्याला आले. उर्मिलेला बजावलं, "एवढंच सांगायचं — हे इथंच राहतात, कामापुरते जातात. एक वाक्य! बाकी मी बघतो."

सकाळी तोडकरांनी बनियन आणि लेंगा चढवला, पेपर घेतला आणि सोप्यात पाय पसरून बसले. का? तर घरमालक दिसावं म्हणून! स्वतःच्याच घरात हा माणूस घरमालकाचं सोंग घेऊन बसलाय! अरेरे!

साहेब आले. वयस्कर, शांत माणूस. बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

बस्स. एवढंच! कायद्याचं पुस्तक उघडलं नाही की दरडावलं नाही.

तोडकर रुबाबात उठले, स्वयंपाकघरात गेले. एक फळी बघितली — डबे. दुसरं कपाट उघडलं — चहाचे कप, परकर शिवायची कापडं. खालचा कप्पा उघडला — बटाटे. भांड्यांचा आवाज बाहेरपर्यंत. आणि आतल्या खोलीतून पोर ओरडली, "पप्पा, पेले तिथं नसतात! कधीच बदललं ते!"

साहेबांनी ऐकलं. उर्मिला उठली, पाणी आणून दिलं. पाणी पिऊन साहेबांनी तिलाच विचारलं, "बाई, तोडकर इथंच राहतात ना?"

तोडकरांनी तिच्याकडं बघितलं. असं बघितलं, मंडळी, जसं आपण देवाकडं निकालाच्या दिवशी बघतो! एक वाक्य. एवढं एक वाक्य!

"नाही," उर्मिला म्हणाली. "ते येतात."

साहेबांनी मान हलवली. रिकामा पेला हलकेच खाली ठेवला आणि निघून गेले.

मग तोडकर भडकले. "माझ्याच घरात मला उघडं पाडलंस! आता सगळा कर भरावा लागणार, वर दंड! इतकी वर्षं कुणासाठी राबलो मी?"

उर्मिलेचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणायचा, तिथं मी तात्पुरता. तिथले तात्पुरते तुम्ही कधी नव्हताच. तात्पुरते तुम्ही इथले झालात. मी काय खोटं सांगितलं?"

तोडकर खाली बसले. मग त्यांनाच एकदम सुचलं, आणि चेहरा उजळला. "अगं, मग आता भीती कसली? सूट गेली ती गेली! आता मी तिथं उघड घर घेतो. तुम्ही दोघी चला. आजच तयारी कर!"

हे ऐकायला ती बाई किती वर्षं थांबली होती, मंडळी? आणि आता ऐकू आलं तेव्हा काय झालं? तिनं साहेबांचा रिकामा पेला उचलून त्याच्या जागी ठेवला. तिनं शिवणाचं काम वाढवलं होतं, हाताखाली दोन बायका होत्या. रेवतीची दहावी तोंडावर. शेजारपाजार जोडला होता, रात्री-अपरात्री ज्याला हाक मारावी असा. सगळं त्यांच्याशिवाय बसवलेलं, आणि नीट बसलेलं.

"आता नाही हो जमायचं," ती म्हणाली. आणि मग, अगदी मायेनं हं, मनात काडीचा राग न ठेवता, ती नवऱ्याला काय म्हणाली? म्हणाली, "आलाच आहात, तर राहा की चार दिवस."

मंडळी! पाहुण्याला म्हणतात ते वाक्य!

तोडकरांनी कर भरला, दंड भरला. ते फिटलं. पण हे कुठल्या कचेरीत भरायचं? याला अपील कुठं? ते खोटं कचेरीत थांबलंच नाही. आलं, उंबरा ओलांडला, आत बसलं आणि खरं होऊन गेलं!

आता तुम्ही माझ्याकडं असे बघताय, जसं काही तोडकर तेवढे एकटेच! तुम्ही नाही गेलात गुजरातला. तुम्ही गावातच आहात. दुकान संपलं की पतसंस्था, पतसंस्था संपली की पारावरचा कट्टा, आणि घरी काय सांगता? एवढं काम हातावेगळं होऊ दे, मग आहेच मी! पोराची इयत्ता विचारली तर बायकोकडं बघता! कोणत्या गेटानं आत शिरताय, हे मला नका सांगू. मला कळतं.

आता आरती होईल. पण ज्याची घरी कुणी वाट बघत असेल, त्यानं आरतीला थांबू नये. उठून सरळ घरी जावं. देव रागावणार नाही, मी हमी घेतो त्याची. उठा!

...उठा की!

कुणीच नाही? बरं. पेटीवाले, धरा सूर. सावकाश होऊ द्या. या मंडळींना काही घाई नाही.