अठरा मीटर खोल आणि एक दिवस जमिनीवर

स्कूबाच्या नावनोंदणीच्या रांगेत निवृत्त मास्तर उभे होते. पुढच्या जोडप्याचं बोलणं ते मुळीच ऐकत नव्हते. फक्त कान मिटायची सोय नव्हती.

"अहो, नवशिक्याला अठरा मीटरच्या खाली सोडतच नाहीत."

"आणि वर येताना घाई केलीस तर? रक्तात बुडबुडे होतात म्हणे!"

"म्हणून तर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं."

"तू थांबणार? लिफ्ट यायच्या आत जिना चढून मोकळी होतेस!"

"या बुडीसाठी चाळीस वर्षं थांबलेय मी. तीन मिनिटांचं काय घेऊन बसलात?"

खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "बुडीनंतर पुरता एक दिवस विमानात बसायचं नाही हं, काकू."

"झालं! संध्याकाळीच माझ्या ताईकडे जायचं विमान आहे आमचं," काका म्हणाले.

"मग राहू दे," काकू हिरमुसून म्हणाल्या. "ताई तुम्हाला आत्मचरित्र वाचून दाखवायला थांबल्यात."

"अख्खं?"

"दोन्ही खंड."

काका खिडकीकडे वळले. मास्तरांनी श्वास रोखला.

"बाई, हा विमानाचा नियम नवऱ्यालाही लागू आहे?"

"त्यांनीही बुडी मारली तर."

"मग दोन अर्ज द्या. आणि काय हो, उद्याही बुडी मारता येते का?"