एकोणीस बिल्ले

(१९५७. बारामतीत साखर कारखान्याचे टाइमकीपर दस्तगीर यांच्या घराचा ओटा, दुपार. काटेवाडीहून महिपती आणि त्याची नववीतली मुलगी विजयमाला आली आहेत.)

विजयमाला : चहा नको, चाचा. पहिल्या चहाला तुम्ही उसाचं बोललात, दुसऱ्याला तुमच्या फरजानाताईच्या लग्नाचं. तिसरा आला की आमची यष्टी निघून जाईल.

दस्तगीर : महिपतराव, पोरगी शाळंत जाती का कोर्टात?

महिपती : घरात बी... असंच हाय.

विजयमाला : आप्पा, तुम्ही बोलू नका, दम लागतो. चाचा, सोमवारी पुण्याला कमिशनरसाहेबांपुढं नुकसानभरपाईची तारीख आहे. आणि कारखाना लिहितो, गेल्या वर्षी गंधकाच्या कोठाराला आग लागली तेव्हा महिपती कामावर नव्हताच, खोकला विडीचा आहे. अहो, आप्पांनी विडी ओढली असती तर आजीनंच त्यांना जाळलं असतं, आगीची वाट बघितली नसती.

दस्तगीर : वहीत तसंच हाय, बेटा. सव्वादोनला त्येंचा बिल्ला खिळ्यावर. बिल्ला खिळ्यावर म्हंजे माणूस घरी.

विजयमाला : आणि खिळ्यावर का होता?

दस्तगीर : तुला ठावं हाय की.

विजयमाला : मला आहे. कमिशनरसाहेबांना नाही.

महिपती : आगीचा भोंगा झाला की बिल्ला खिळ्याला लावायचा... आन् आगीकडं पळायचं. आत पडला, हरवला, तर दंड. दर येळंला तसंच. कुनी शिकवलं न्हवतं.

दस्तगीर : शिकवलं व्हतं. मीच. नवा बिल्ला यायला म्हयना लागायचा, तवर हजेरी न्हाय. म्हनलं, हितं लावून जावा रं बाबांनो, मी बघतो.

विजयमाला : मग काय बघितलंत?

महिपती : माले.

विजयमाला : चुकलं, चाचा. पण माझं डोकं फिरतं हो. आप्पा उसाच्या गाडीतळावरचे कामगार. आगीच्या पथकात त्यांचं नाव घातलं कारखान्यानं. तोंडाला ओलं फडकं बांधून जळत्या गंधकात धाडलं कारखान्यानं. छाती त्याच धुरानं गेली असं बारामतीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. सगळे कागद आहेत. फक्त माणूसच तिथं नव्हता!

दस्तगीर : मी लिवून दिलं तर म्हनत्याल, टाइमकीपरनं वही खोटी लिवली. माजी नोकरी जाईल. माज्या पोराला, फारुकला, पुढच्या म्हयन्यात तितंच लावायचं चाललंय. त्येचं बी जाईल.

महिपती : म्हनून मी येत न्हवतो. चल माले. भाईला अडचनीत... न्हाय घालायचं.

विजयमाला : बसा, आप्पा. यष्टीला तास आहे. यांची अडचण, साहेबांची अडचण, सगळ्यांची सांभाळायची. विहिरीपासून घरापर्यंत येताना तुम्ही तीनदा खाली बसता, ती कुणाची अडचण?

महिपती : दोनदा.

विजयमाला : काल तीनदा. मी मोजलंय. चाचा, तुम्ही काही लिहून देऊ नका. फक्त सांगा, सव्वादोनला वहीत कितीजण घरी गेले?

दस्तगीर : एकोनीस. सगळं पथक.

विजयमाला : आणि पाळी सुटते कधी?

दस्तगीर : चारला.

विजयमाला : म्हणजे भोंगा झाला, कोठार पेटलं, आणि त्याच मिनिटाला नेमके आगीच्या पथकातलेच एकोणीसजण घरी चालते झाले. आणि कारखान्याच्या साहेबांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही?

दस्तगीर : कशाचं विचारत्यात. दुसऱ्या दिशी सायबांनी, आग इझवली म्हनून, गेटावर एकेकाला नारळ दिला. एकोनीस नारळ.

महिपती : माजा... नासका निघाला.

विजयमाला : नासका निघाला हे सांगितलंत, आप्पा. नारळ मिळाला हे वर्षभर सांगितलं नाहीत. चाचा, मग वही खोटी कुठं आहे? त्यांनी आप्पांची एकच ओळ उतरवून पुण्याला धाडलीय. अख्खं पान कुणी बघितलेलं नाही. ते पान मागवायचा अर्ज मी लिहून आणलाय. मराठीच्या बाईंनी तपासून दिला. तुमचं नाव त्यात कुठंच नाही. वाचा हवं तर.

दस्तगीर : अक्षर चांगलं हाय.

विजयमाला : अक्षराचं राहू द्या. इथं बघा, पानाचा आकडा तेवढा रिकामा आहे. "त्या दिवसाचं पान" असं मोघम लिहिलं की वही सापडत नाही म्हणून कळवतील. आकडा घातला की वही आणावीच लागेल.

महिपती : भाई, नगं सांगू. पोरीचं... काय मनावर घेतो.

विजयमाला : आप्पा!

दस्तगीर : बेचाळीस.

विजयमाला : नक्की ना? वही तर कारखान्यात आहे, चाचा. चुकला आकडा तर सगळंच जाईल.

दस्तगीर : चुकायचा न्हाय. रोज हजेरी लावायच्या आदी मी तेच पान उघडतो, बेटा.