दर पंधरा मिनिटांनी

नंदाखाल गावच्या दूध केंद्रावर जयवंतीला घाई होती, तरी कान रांगेतल्या पुढच्या दोघींकडेच होते.

“हृदयाचं ऑपरेशन, कॅथरिनबाय?”

“हो, आणि रक्त पातळ करायचं नेहमीचं औषध त्या माणसाला चालेना. दुसरं दिलं, पण त्याला उतारा नाही.”

“अगो बाई! मग?”

“ऑपरेशनात हृदयाचं काम करणारं मशीन आमची लेक ॲंजेला चालवते ना, ती दर पंधरा मिनिटांनी रक्त तपासत होती. चुकलं तर मशीनमध्येच गोठायचं. पाच तास जागची हलली नाही पोर!”

“आणि घरी तिला दूध सांभाळता येत नाही म्हणतेस!”

“नाहीच येत. हमखास उतू!”

“पेशंट कसा आहे?”

“परवा स्वतःच्या पायांनी घरी गेला.”

“बरं झालं. पण तू सकाळी दूध नेलंस ना?”

“ते माझ्या हातून उतू गेलं. शेजारणीला हेच सांगत होते!”