लाईन कशी आहे?

आमचे बापूकाका इतके फटकळ, की त्यांना साहेबलोकांपुढे बसू देऊच नये. त्या दिवशी नेमके बसले.

आमच्या अचलपूरच्या छोट्या पॅसेंजरला रुंद रूळ आणि वीज द्यायची, की गाडीच बंद करायची, हे ठरवायला सरकारचे एक साहेब डब्यात आले होते. सगळ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, गाडीचं कौतुकच करायचं.

साहेबांनी काकांनाच विचारलं, "काका, लाईन कशी आहे?"

"एकदम बेकार!" काका म्हणाले. "ओलिताच्या टायमाले नेमकी जाते. आली तरी मोटर उचलत नाही."

साहेब चक्रावले. "लाईन जाते? कुठे जाते?"

"मालूम असतं तर धरून नसती आणली?"

मी कपाळावर हात मारला. "काका, ते विजेचं नाही, रुळाचं विचारून राहिले!"

"असं होय! रूळ मस्त हायेत साहेब. कुठीच जात नाहीत."

साहेबांना हसू आवरेना. म्हणाले, "मंजुरी मिळाली तर इथे वरून विजेची तार येईल."

काकांचे डोळे चमकले. "मंग जरा खालूनच न्या. आमच्या मोटरीचा आकडा पोचला पाह्यजे."

"अहो, वेड लागलंय का? त्या तारेच्या नुसतं जवळ गेलात तरी जळून जाल!"

"इतका दम?" काका आमच्याकडे वळले. "ऐकलं का रे? याले म्हंतात लाईन! साहेब, करा मंजूर!"