सासऱ्यांची भट्टी

…नाही, आधी उचलून दाखवा. एकदा फक्त जागची हलवून दाखवा आणि मग मला म्हणा, "अहो, एवढं काय, एक शेगडी तर दुरुस्त करायची होती." शेगडी म्हणे! तुमच्या डोळ्यांसमोर काय येतंय ते मला माहीत आहे, चार पायांची, दोन बोटांनी उचलायची, राख झटकली की झालं. ती नव्हे हो. ही चिनीमातीची, कोळशावर चालणारी, अंड्याच्या आकाराची, माझ्या छातीला लागेल एवढी उंच, वर घुमटासारखं झाकण, झाकणावर उष्णता दाखवणारी काट्याची तबकडी, आणि वजन विचारू नका, कारण वजन करायला ती आधी उचलावी लागते आणि सगळं घोडं तिथंच तर पेंड खातं.

आणि मी आपलं एवढंच म्हटलं होतं, नवीन घेऊ या.

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. कुणासमोर म्हटलं? सासऱ्यांसमोर. आमचे सासरे म्हणजे एकतीस वर्षं फरशांच्या कारखान्यात भट्टीवर होते, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आतला रंग बघायचा आणि माल काढायचा की ठेवायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. माणसं निवृत्त झाली की काय करतात? बाग लावतात, प्रवासाला जातात, शेजाऱ्यांशी भांडतात. यांनी घरी भट्टी आणली. म्हणजे हीच ती, तिला शेगडी म्हटलेलं त्यांना चालत नाही. सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले ते एक बॅग आणि ही भट्टी घेऊन. बॅग त्यांनी उचलली. भट्टी मी.

तर ती आमच्या मागच्या अंगणात, भिंतीला धरून. आठवडाभर हा माणूस काही बोलत नाही, चहा हवा का म्हटलं तर हं, नको का म्हटलं तरी हं, पण रविवारी सकाळी कोळशाची पिशवी फाडली की बघा. हे आणा, ते सरका, वाऱ्याला आडवे उभे राहू नका. कोंबडी, बटाटे, मक्याची कणसं, काय काय निघायचं त्यातून, आणि खरं सांगतो, असं व्हायचं ना, की बायकोच्या… जाऊ दे, ती बसलीय ना तिकडे. पण झाकणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. झाकण फक्त ते उघडणार. एक तळवा असा कडेजवळ धरून थांबणार, मान तिरकी करणार, आणि मग उघडणार. मला वाटायचं, काय रुबाब आहे!

मग एका रविवारी राख काढताना आतलं कोळशाचं भांडं हातात आलं, आणि हातात आलं ते तीन तुकड्यांत. बरं, ते एकच नाही. झाकण आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक जाड पट्टी चिकटवलेली असते, धूर बाहेर जाऊ नये म्हणून, ती जळून केव्हाच नाहीशी झालेली. बिजागरी ढिली. तळाशी हवेचं एक दार असतं, ते गंजून निम्मंच सरकायचं. पेटवली की धूर वरच्या भोकातून सोडून बाकी सगळीकडून यायचा. आता अशा वस्तूला शहाणा माणूस काय म्हणेल?

मी आपलं एवढंच म्हटलं, नवीन घेऊ या.

सासऱ्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "भट्टी आपणहून फुटत नसते, जावईबापू. तापवणारा चुकला की फुटते." आणि आत निघून गेले. कोंबडी कच्चीच राहिली. आमची ही मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाली, की बाबांच्या हातात आता तेवढी एकच गोष्ट उरलीय, ती तुझ्या डोळ्यात का खुपते? माझ्या डोळ्यात! माझं चष्म्याचं दुकान आहे हो, दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघतो, माझ्या डोळ्यात काही खुपत नव्हतं, फक्त धूर जात होता.

असो. दुरुस्ती ठरली. पहिला फोन मेहुण्याला, कारण वडील त्याचेही आहेत. मेहुणा लांब राहतो, त्यामुळे त्याला सगळं येतं. "काही नाही हो भावोजी, सोपं आहे, तासाभराचं काम, मी असतो ना तर…" आता हे 'मी असतो ना तर' मी लग्नापासून ऐकतोय. लग्नात आचारी आला नाही तेव्हाही हा असता ना तर त्यानंच रांधलं असतं, आणि गंमत म्हणजे तो तिथंच होता.

मग दुकान बंद ठेवून मी या भट्ट्या विकणाऱ्याकडे गेलो. चकचकीत शोरूम, आतमध्ये एक कोट घातलेला विक्रेता, इतका मऊ बोलणारा की आपल्याच घरी कुणीतरी गेलंय असं वाटावं. फोटो दाखवला. त्यानं फोटोकडे बघून एक सुस्कारा टाकला. "सर, हे मॉडेल बंद झालं." म्हटलं, कधी? "सर, मी नोकरीला लागायच्या आधी." आतलं भांडं मिळेल? मिळेल, पण नवीन मॉडेलचं. बसेल? "बसायला हवं, सर." हे 'बसायला हवं' ऐकलं की माणसानं उठायला हवं, पण मी ते घेतलं, मांडीवर ठेवून रिक्षातून घरी आणलं, आणि ते अंगठाभर मोठं निघालं. अंगठाभरच! थोडं घासलं तर बसेल म्हणून मी कानस घेऊन बसलो, तासभर घासलं, मातीला ओरखडा नाही, माझ्या बोटांची मात्र सालं निघाली.

मग आला फरशीवाला. बाथरूमच्या फरशा यानंच बसवलेल्या, म्हटलं चिनीमाती ती चिनीमाती. त्यानं भट्टीला एक प्रदक्षिणा घातली, दोन ठिकाणी टिचकी मारली आणि मला विचारलं, "यात मासे ठेवणार का?" मी सांगितलं, विस्तव ठेवणार. मग तो विचारात पडला. त्यानं कुठूनतरी भट्टीचं सिमेंट आणलं, तीन तुकडे जुळवले, तारेनं आवळले, फटी भरल्या, तळाचं दार काढून, तेल घालून, गुळगुळीत फिरेल असं करून दिलं, बिजागरी कसली. भांडं दिसायला भयंकर दिसत होतं, पण घट्ट. आणि कडेची नवी पट्टी? ती मी चिकटवली. स्वतः. जुना डिंक खरवडला, कड पुसली, सूचना दोनदा वाचल्या, एक सुरकुती पडू दिली नाही. झाकण लावलं तर असा आवाज आला, फुस्स, डब्याचं झाकण बसावं तसा. सासरे खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. मी म्हटलं, बघा. ते म्हणाले, हं.

पुढच्या रविवारी पेटवली. झाकण लागलं, तळवा कडेजवळ गेला, मान तिरकी झाली… आणि माणूस तसाच उभा. बराच वेळ. मग झाकण उघडलं, तर आत विस्तव गुदमरून विझलेला आणि कोंबडी घातली तशीच, थंड. ठीक आहे, होतं असं, नवी पट्टी आहे, हवा कमी पडली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी खालचं दार पूर्ण उघडं ठेवलं. या खेपेला बटाटे काढले ते कोळसे कुठले आणि बटाटे कुठले ते ओळखू येईना. आमच्या हिनं एक काळा बटाटा सोलून खाल्ला, चांगला झालाय म्हणाली. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या रविवारी सासरे अंगणात गेलेच नाहीत. कोळशाची पिशवी दाराशी तशीच. दुपारी ही मला म्हणाली, "तू बाबांची भट्टी बिघडवलीस." बिघडवली! बोटांची सालं माझी, दुकान बंद माझं, आणि मी आपलं एवढंच म्हटलं होतं की… पण जाऊ दे म्हटलं, बाहेर गेलो. तर ते तिथंच होते. केव्हा येऊन बसले कुणास ठाऊक, थंड भट्टीच्या बाजूला, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत, माझ्या पट्टीवरून.

मी शेजारी बसलो. म्हटलं, काय बिघडलंय सांगा, फरशीवाल्याला परत बोलावतो. ते म्हणाले, काही बिघडलं नाही, काम चोख झालंय, पट्टी तर फारच छान लागलीय. मग कडेवर बोट ठेवून म्हणाले की आधी या इथून, डाव्या बाजूनं, धूर यायचा. तो हाताला गरम लागला की जाळी तापली समजायचं. मागच्या बाजूनं यायला लागला की कोंबडी उलटायची. उजवीकडून आला, आणि त्याचा वास गोड झाला, की काढायची. आता सगळा वरच्या भोकातून जातो, कडेनं कुठूनच काही येत नाही. आत काय चाललंय कळत नाही.

मी म्हटलं, अहो पण झाकणावर काटा आहे ना!

तुम्हाला सांगतो, मी हे इतक्या सहज म्हटलं, गिऱ्हाइकाला वरची ओळ वाचा म्हणतो तसं. आणि ते माझ्याकडे बघत, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "तो काटा मला तीन वर्षं दिसत नाही."

तीन वर्षं. एका घरात. मी चष्मेवाला. लोक लांबून लांबून माझ्याकडे येतात, की तुमच्याकडे नंबर अचूक निघतो. आणि घरातला माणूस वर्तमानपत्र नुसतं पानं उलटून ठेवतो, जिना मोजून उतरतो, मान तिरकी करतो, आणि मला वाटतं रुबाब आहे! दुकानात या, तपासून टाकू, असं मी दर वर्षी म्हणायचो, ते म्हणायचे गर्दी कमी झाली की येतो, आणि मला बरं वाटायचं की हे माझ्या दुकानात गर्दी आहे असं समजतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? रागावूनच विचारलं, खोटं कशाला बोलू.

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही मला विस्तवाजवळ बसू दिलं असतंत?"

नसतंच बसू दिलं. पहिल्या दिवशी कोळशाची पिशवी कुलपात गेली असती. मी उठलो, आत जाऊन कलथा आणला आणि माझी पट्टी, एक सुरकुती नसलेली पट्टी, कडेवरून खरवडायला लागलो. आमची ही खिडकीतून बघत होती. काय करतोयस म्हणाली. म्हटलं, दुरुस्त करतोय. डाव्या बाजूची काढली, मागची काढली, उजवीकडची तुम्हीच दाखवा म्हटलं, तर त्यांनी बोट ठेवून दाखवली. आणि अट घातली, आज पेटवा, मी शेजारी बसतो, उद्या डोळे दाखवायचे. ते हं म्हणाले. त्या दिवशीची कोंबडी… नाही, ती बसलीय तिकडे, पण तिलाही विचारा.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करत होतात? भट्टीवर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, इतकी वर्षं तो जाळ डोळ्यांनी बघितलात, म्हणाल्या, डोळ्यांनी तरी काय करावं! आधी एक डोळा, मग दुसरा. थेंब दिवसातून चार वेळा, घालणार कोण? मी. धुराजवळ जायचं नाही, म्हणजे रविवारी भट्टीशी कोण? मी. आणि मागे खुर्चीवर काळा चष्मा लावून हे, "हात कडेला धरा, जावईबापू. वास घ्या. आत्ता नाही. आत्ता नाही. गेलं, जळलं." महिना दीड महिना मी हे ऐकलं.

मग परवानगी मिळाली. त्या सकाळी सासरे स्वच्छ डोळ्यांनी अंगणात आले आणि भट्टीसमोर उभे राहिले. झाकण उघडलं, आत वाकले, फरशीवाल्याचं सिमेंट बघितलं, तारा बघितल्या, कडेला माझ्या पट्टीचे लोंबणारे तुकडे बघितले, बाहेरच्या अंगावर कधीची पडलेली एक लांब भेग बोटानं वरपासून खालपर्यंत मोजली. मला वाटलं, आता यांचा गळा दाटून येणार, मी पाण्याचा तांब्याही आणून ठेवला.

तर म्हणतात, "असलं भंगार घरात ठेवलंत? नवीन घेऊ या."

तो तांब्या उचलून ते पाणी मीच प्यालो.

आली मग नवीन. कोटवाला आला, सर सर करत, तीन माणसांनी उतरवली, आणि जुनी अंगणाच्या कोपऱ्यात गेली ती मी ढकलली म्हणून. आता दर रविवारी सासरे नव्या भट्टीसमोर उभे असतात, ताठ मानेनं, काटा वाचत, आणि तो मोठ्यानं सांगत, शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून. परवा बटाटे काढले, ताटली माझ्यापुढे धरली आणि तशीच धरून ठेवली. माझ्याकडे बघत राहिले. कानाच्या बाजूला नाही, अगदी नीट, तोंडावर, केसांपासून हनुवटीपर्यंत. मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात हो?"

मी म्हटलं, मागच्या तीन महिन्यांत. आणा तो बटाटा इकडे.