एक लॅपटॉप, दोन खोल्या

दुरुस्तीच्या दुकानात बाकावर थांबलेल्या निवृत्त शाळामास्तरांनी कान टवकारले. काउंटरवर लॅपटॉप ठेवून एक मावशी दुरुस्तीवाल्या मुलाला सांगत होत्या.

“नातीचे सगळे फोटो गेले रे! हे म्हणतात आहेत तिथेच, मी म्हणते यांनीच पुसले. घरात अबोला आहे.”

“मावशी, कुणीच पुसले नाहीत. हार्ड डिस्कचे दोन भाग आहेत, प्रत्येकात वेगळी सिस्टीम. चालू करताना दोन नावं येतात ना?”

“मी वरचं दाबते.”

“आणि काका?”

“माझ्या उलट. नेहमीच.”

“मग फोटो खालच्या भागात आहेत. समजा, एका घरात दोन खोल्या. इकडून तिकडचं दिसत नाही.”

“म्हणजे मी रोज बसते ती खोली कुणाची?”

“तुमचीच.”

“आणि घर?”

“दोघांचं. भिंत पाडून एकच खोली करू?”

मावशी गोंधळल्या. मग त्यांनी फोन लावला.

“अहो, सापडले फोटो! तुमच्याच खोलीत होते.”