थकलेल्या माणसाला दोष देऊ नका

वहिनी, मुलांनो, मिलमधल्या माझ्या भावाबहिणींनो,

गायकवाड साहेबांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय, पण रडायला नाही. मला राग आलाय. माफ करा, आज मला गोड बोलणं जमणार नाही.

आमचे जुने मॅनेजर साहेब पुढच्या रांगेत बसलेत. आत्ताच ते म्हणाले, "गायकवाड कभी थके नहीं." साहेब, ते थकत होते. माणूस होते ते! आणि आम्हीही थकतो, हे मिलमध्ये मोठ्याने बोलणारे ते एकटेच होते.

मी दत्तू. स्पिनिंग खात्यात सूत कातायचे साचे चालवायचो. गायकवाड साहेब आमचे सुपरवायझर. मिलची हालत बिघडली तेव्हा वरून हुकूम आला, पैसा नाही, बदलीवाले बंद. म्हणजे कोणी जेवायला गेला तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूसच नाही. मग भाकरी कुठे खायची? साच्याशी, उभ्या उभ्या.

साहेबांनी काय केलं? बाह्या वर केल्या आणि स्वतः साच्यावर उभे राहिले. "चल भिया, जा. बसून जेव. जरा पाठ टेक." एक परत आला की दुसऱ्याला पाठवायचे. लागला का याला पैसा? आणि सांगा, त्या दिवसांत आपल्या खात्यातलं कोणी कामाला चुकलं का? ताप असला तरी लोक यायचे. साहेबांसाठी यायचे!

आणि मिलने काय केलं? आमचा हुरूप वाढवायला भाषण ठेवलं! पाळी सुटल्यावर सगळ्यांना अडवून बसवलं. हार, माइक, "मिल हमारी माँ है." बायका बसल्या जागी पेंगत होत्या. तेव्हा साहेब उठले. म्हणाले, "यांना घरी जाऊ द्या. झोप झाली की हुरूप आपोआप येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांना खात्यातून उचललं आणि गेटवर बसवलं. आम्हाला पाळीवर पाळी लागली. अशाच एका डबल पाळीत साचा साफ करताना माझा डोळा लागला. हा माझा हात. बघा. दोन बोटं तिथेच राहिली.

चौकशी झाली. मिल म्हणाली, "काम में इसका मन नहीं था." साहेबांना बोलावलं, तुम्हीही तसंच सांगा म्हणून. सांगितलंत तर गेटवरून परत आणू, वर प्रमोशन देऊ, असं आमिषही दाखवलं. पण साहेब म्हणाले, "माझे वडील महूला फौजेत होते. तिथे पहाऱ्यावरचा माणूस वेळेवर बदलतात. बदलला नाही आणि तो पेंगला, तर चूक त्याची नाही, न बदलणाऱ्याची. दत्तूचा दोष मी सांगणार नाही."

प्रमोशन गेलं. पुढे मिलही गेली. आणि शहरभर काय सांगितलं? कामगार आळशी होते! अहो, मिल काय पाठ टेकणाऱ्यांनी बुडवली?

आता नवे मालक आलेत, नवे कारखाने आलेत. बोली मात्र तीच. बजट टाइट है, थोडं जास्त थांबा. इथे बसलेल्या ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. पैसा नसेल तर नसेल. पण साहेबांसारखं घटकाभर दुसऱ्याच्या जागी उभं राहायला काय लागतं?

परवा दवाखान्यात गेलो होतो. वहिनी त्यांच्या उशाशी बसून होत्या, किती वेळ कोण जाणे. साहेबांचा आवाज अगदी खोल गेला होता. मला म्हणाले, "दत्तू, तू बस इथे. हिला घरी पाठव. हिचा डोळा लागलेला नाही." वहिनी काही हलल्या नाहीत.

वहिनी, आता तरी त्यांचं ऐका. आज घरी जाऊन झोपा. पाहुण्यांचं, चहापाण्याचं आम्ही खात्यातले सगळे मिळून बघतो.

चला, साहेबांसाठी सगळे जरा शांत होऊ या. काही बोलू नका, काही करू नका.

साहेब, विसावा घ्या.